हनोई ते हो ची मिन्ह सिटी: अंतर नक्की किती आणि वेळ किती धरायचा?

भिंगरी_पायाला

मंडळी, नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हिएतनामचं ठरलंय. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात व्यवस्थित, पण रांगेत तासभर उभं राहणं जमत नाही. मुंबई ते हनोई थेट आणि परतीचं हो ची मिन्ह सिटीहून थेट मुंबई, ही दोन तिकिटं काढून झाली. मधलं घोडं अडलंय.

इंटरनेटवर शोधलं तर जेवढ्या साइट तेवढे आकडे. एक म्हणते ११४० किमी, दुसरी ११६०, तिसरी चक्क १७२६. विमानाचंही तेच, कुठे पावणेदोन तास, कुठे सव्वादोन. त्यात अहोंनी वेगळंच टुमणं लावलंय, "विमान कशाला? रेल्वेनं जाऊ, देश दिसतो."

तर खरं अंतर किती, हॉटेल ते हॉटेल किती वेळ धरायचा, आणि शेवटच्या दिवशी दुपारी हनोईहून निघून त्याच रात्रीचं मुंबईचं विमान पकडता येईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटवाट

विमानाला सव्वादोन तास. रेल्वेचा विचार सोडा. दोन्ही शहरांची वेळ एकच आहे, आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे घड्याळाचा घोळ नाही. बाकी सायगावकर येतीलच, ते तिथेच असतात.

मनोरा

आयुष्य विमानांना वाट दाखवण्यात गेलं, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवेना. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

११४० हे एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर. ११६० हे विमानतळ ते विमानतळ. हे वीसेक किलोमीटर वाढतात कारण हनोईचा नोई बाय विमानतळ शहराच्या बराच उत्तरेला आहे, म्हणजे तुम्हाला जायचंय त्याच्या उलट दिशेला. सायगॉनचा (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) तान सोन न्हात मात्र शहरातच आहे. आणि १७२६ हे रेल्वेचं अंतर.

आपल्याकडचं माप हवं असेल तर मुंबई-दिल्ली घ्या. तेही विमानतळ ते विमानतळ साधारण ११४० किमीच भरतं आणि तिकिटावर वेळही सव्वादोन तासांच्या आसपासच असते. म्हणजे हवेतून बघितलं तर हनोई-सायगॉन हे जवळजवळ मुंबई-दिल्लीच आहे.

आता वेळेचं. ए३२१ सारखं विमान वर सरळ उडताना तासाला ८३० किमीच्या आगेमागे जातं. त्या हिशेबानं ११६० किमीला दीड तासही लागू नये. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, निघायची आणि उतरायची धावपट्टी वाऱ्याप्रमाणे ठरते, शेवटी रांगेत यावं लागतं. त्यामुळे चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत साधारण पावणेदोन तास जातात. तुम्हाला कुठेतरी दिसलेला आकडा तो हा. तिकिटावरचा वेळ मात्र चाकाखालचे चॉक (अडसर) काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर चॉक परत लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, तिथे पुढे चार विमानं उभी असतील तर तेही आलं. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी जागा धरूनच ठेवतात, म्हणजे उशिरा निघूनही वेळेत पोचल्याचं सांगता येतं. म्हणून २ तास १० मिनिटं.

नकाशेवाली

मनोराकाका, एक शंका. नकाशावर पट्टी ठेवली तर हनोई ते सायगॉन सरळ रेष व्हिएतनाममधून जातच नाही! मधला मोठा टप्पा लाओस आणि कंबोडियावरून जातो. मग विमानं परदेशातून उडतात का?

मनोरा

शाब्बास! पट्टी ठेवून बघणारी माणसं आता कमी झाली.

व्हिएतनामचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, १०६ अंशाच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे. पण मधला देश पूर्वेला समुद्रात पोट काढून बसलाय. सरळ जायचं तर लाओस आणि कंबोडियाच्या हद्दीतून जावं लागतं. नेहमीचा देशांतर्गत मार्ग तसा नाही. तो विन्ह, दा नांग, प्लेकू, बुओन मा थुओत असा त्या पोटाच्या आतून वळसा घेत जातो.

या सरळ मार्गावरून व्हिएतनाममध्ये दशकभरापूर्वी बराच वाद झाला होता. 'सोनेरी हवाई मार्ग' असं त्याचं नावही पडलं होतं. इंधन वाचेल, वेळ वाचेल, असा दावा होता. पण हिशेब करून बघा. हनोई ते दा नांग हवाई अंतर सुमारे ६३० किमी, दा नांग ते सायगॉन सुमारे ६०५. बेरीज १२३५. म्हणजे अगदी दा नांगच्या डोक्यावरून गेलं तरी सरळ रेषेपेक्षा फार तर पंचाहत्तर किलोमीटर जास्त. विमानाच्या वेगानं पाच-सहा मिनिटं! तेवढ्यासाठी दोन परक्या देशांना हवाई हद्द वापरण्याचं शुल्क भरा आणि त्यांच्या नियंत्रण कक्षांशी समन्वय ठेवा. कुणी सांगितलंय?

अवांतर: हा मार्ग दक्षिणोत्तर असल्यामुळे जाता-येता वेळेत फारसा फरक पडत नाही. मुंबई-कोलकाता आठवा. पश्चिमेकडचा वारा पाठीशी असतो म्हणून जाताना लवकर पोचतो, आणि येताना तोच वारा छातीवर घेत यावं लागतं.

रूळावरचा

थांबा थांबा. रेल्वेला कुणीच वाली नाही का इथे? अहोंना माझा पाठिंबा.

हनोई-सायगॉन लोहमार्ग फ्रेंचांनी टप्प्याटप्प्यानं बांधला, १९३६ साली पूर्ण झाला. १९५४ ला देशाची फाळणी झाली आणि गाडी मध्येच तुटली. मग युद्धात पूल उडाले, बोगदे ढासळले. १९७५ ला युद्ध संपल्यावर डागडुजी करून ३१ डिसेंबर १९७६ ला हनोई ते सायगॉन पुन्हा जोडलं. म्हणून या मार्गाला पुनर्मीलनाची रेल्वे म्हणतात. इतिहास डब्यात बसून बघायचा असेल तर याहून चांगली गाडी नाही.

आणि सगळा मार्ग मीटरगेज! मिरजेला गाडी बदलून मीटरगेजनं पुढे गेलेली मंडळी इथे असतील, त्यांना डबा लगेच ओळखीचा वाटेल. रुंदी कमी, डुलणं भरपूर.

घाटवाट

रूळावरचा, वेळ सांगा की राव, वेळ. ती सोयीस्करपणे गाळलीत. :)

रूळावरचा

येतो, येतो. एसई मालिकेतल्या गाड्यांना साधारण ३३ ते ३५ तास. रात्री हनोईहून निघालात की मधला अख्खा दिवस गाडीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सायगॉन. सरासरी ताशी पन्नासेक किलोमीटर. मनोराकाकांची तुलना पुढे नेतो: मुंबई सेंट्रल-नवी दिल्ली राजधानी १३८४ किमी सोळा तासांच्या आत-बाहेर काटते. हवाई अंतर दोन्हीकडे सारखंच, पण रुळांनी इथे साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर जास्त आणि वेळ दुपटीहून जास्त. एकेरी मार्ग, समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात थांबा, वर घाट.

चार बर्थचा मऊ गादीवाला डबा घेतला तर प्रवास सुखाचा होतो. जेवणाची ढकलगाडी येते. शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द पाठ करा. तिथे तो चहा नव्हे, शाकाहार. नुसतं मटण-चिकन नको म्हणून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस असतो.

भिंगरी_पायाला

पस्तीस तास! अहोंना दाखवलं. म्हणाले, "त्यात काय, आपण हावडा मेलनं नाही का गेलो?" सासूबाई म्हणाल्या, "तू जा बाबा रेल्वेनं. आम्ही विमानतळावर घ्यायला येऊ."

सायगावकर

उशीर झाला, माफ करा. इथे राहतो आणि कामानिमित्त हनोईला सतत जाणं-येणं असतं. त्यामुळे आकाशातलं मनोराकाकांवर सोडून जमिनीवरचं सांगतो, कारण खरा वेळ तिथेच जातो.

हनोईच्या जुन्या पेठेतून, म्हणजे होआन किएम तळ्याच्या आसपासच्या हॉटेलातून, नोई बायला २५ ते ३० किमी. ग्रॅबनं (मोबाइलवरचं टॅक्सीचं अॅप) गाडी बोलावली तर पाऊण तास, संध्याकाळच्या गर्दीत तासाच्या वर. ८६ नंबरची नारिंगी बसही जाते, पण पाच माणसं, बॅगा आणि आजी म्हणजे मोठी गाडीच करा. देशांतर्गत उड्डाणं टी१ (टर्मिनल १) वरून. दोन तास आधी पोचा. उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा तास. तान सोन न्हात ते पहिला जिल्हा (शहराचा मध्यभाग) हे अंतर जेमतेम सात-आठ किमी, पण त्याला वीस मिनिटं लागतील की तासभर, हे बाहेरच्या स्कूटरींचा समुद्र ठरवतो. गेल्या वर्षी जिल्हे कागदावरून गेले खरे, पण पत्ता सांगताना सगळे पहिला जिल्हाच म्हणतात. तर हॉटेल ते हॉटेल सहा तास धरा. साडेपाचात झालं तर देवाची कृपा.

आता मुख्य मुद्दा. तान सोन न्हातला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की एकीवर काय चाललंय ते बघूनच दुसरी वापरावी लागते. आणि हनोई-सायगॉन हा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या देशांतर्गत मार्गांपैकी एक. संध्याकाळी हवेत घिरट्या घालणं नेहमीचंच. पावसाळ्यात, म्हणजे मे ते नोव्हेंबर, दुपारी ढग फुटला की सगळं वेळापत्रक कोलमडतं. तुम्ही डिसेंबरात येताय, इथे आकाश कोरडं असेल. हनोईला त्या दिवसांत सकाळी धुकं पडू शकतं.

दुपारी निघून त्याच रात्रीचं मुंबईचं विमान पकडायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नका करू. तिकिटं वेगवेगळी आहेत, त्यामुळे पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेणार नाही. सामान उचलायचं, इमारत बदलायची, परत चेक-इन, मग इमिग्रेशनची रांग, आणि आजींना रांग नकोय.

प्रवासी_पक्षी

सायगावकरांना +१. आमच्या बाबतीत हेच झालं होतं, वेगळ्या मार्गावर. देशांतर्गत विमान तीन तास उशिरा आलं आणि पुढच्या कंपनीच्या काउंटरवर "आमचा काय संबंध?" एवढंच उत्तर. नवीन तिकिटं काढून आलो. कंपनीचं नाव घेत नाही, नियमानं ते बरोबरच होते.

नकाशेवाली

सायगावकर, इमारत बदलायची म्हणजे? मी ऐकलं होतं की देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय शेजारी शेजारी आहेत.

सायगावकर

टी१ देशांतर्गत आणि टी२ आंतरराष्ट्रीय, हे शेजारी. सामानाची ढकलगाडी घेऊन चालत जाता येतं. पण एप्रिल २०२५ मध्ये टी३ सुरू झाला आणि व्हिएतनाम एअरलाइन्सची देशांतर्गत उड्डाणं तिकडे हलली. टी३ छान आहे, मोकळा आहे, पण टी२ पासून चालत जाण्याजोगा नाही. वाहन घ्यावं लागतं. तिकिटावर टर्मिनलचा आकडा बारकाईनं वाचा, जुने ब्लॉग वाचून जाऊ नका.

आणखी एक. शहराच्या पूर्वेला साधारण ४० किमीवर लाँग थान इथे मोठा नवा विमानतळ उभारलाय. पुढेमागे आंतरराष्ट्रीय उड्डाणं तिकडे सरकतील. तेव्हा निघायच्या आठवड्यात विमानतळाचं नावही एकदा तपासा. तिकिटावर विमानतळाचा कोड एसजीएन असेल तर जुनाच, तान सोन न्हात.

घाटवाट

अंतराच्या साइटवर 'हो ची मिन्ह सिटी' टाकताना अजून एक गंमत. जुलै २०२५ पासून बिन्ह दुओंग आणि बा रिया-वुंग ताऊ हे शेजारचे प्रांत शहरात विलीन केलेत. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचं वुंग ताऊ आता कागदोपत्री हो ची मिन्ह सिटीच. हॉटेल 'हो ची मिन्ह सिटीत, किनाऱ्यालगत, स्वस्त' असं दिसलं तर हुरळून जाऊ नका.

भिंगरी_पायाला

बापरे, बरं झालं विचारलं. शेवटची रात्र सायगॉनमध्येच काढायची हे नक्की केलं. आता प्रश्न एवढाच की अहोंच्या रेल्वेचं काय करू? रोज सकाळी चहाबरोबर एकदा विषय निघतो.

रूळावरचा

वहिनी, अख्खी गाडी नको, तिचा उत्तम तुकडा घ्या. हुए ते दा नांग, १०३ किमी, अडीच ते तीन तास. हाय वान घाटात गाडी डोंगराच्या कडेनं सरपटत जाते आणि खाली समुद्र. वळणावर खिडकीतून स्वतःचंच इंजिन दिसतं. २०२४ पासून त्या टप्प्यावर खास पर्यटक गाडीही सुरू केली आहे, साधी मिळाली तरी दृश्य तेच.

दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला. डावीकडच्या खिडक्या मिळतायत का बघा.

मनोरा

आणि हे अंतराच्या हिशेबातही बसतं. वर सांगितलंच, दा नांग वाटेवर आहे, वाकडी वाट नाही. हनोई-हुए विमान सव्वा तास, मग रेल्वे, मग दा नांग-सायगॉन विमान दीड तासाच्या आत. हवेतले किलोमीटर जवळजवळ तेवढेच. फक्त विमानतळावरची उठाठेव दोनदा होते, ती मोजा. सासूबाईंसाठी व्हीलचेअर आधीच नोंदवा, तिकीट काढतानाच. मग रांगेचा प्रश्न बराचसा सुटतो.

सायगावकर

बेत चांगला, पण रूळावरच्यांनी हवामान गाळलं. हुएमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर हा सर्वांत जास्त पावसाचा काळ. डिसेंबरअखेर जोर ओसरत आलेला असतो, तरी चार दिवस संततधार लागू शकते आणि घाटात ढग उतरले तर समुद्राच्या जागी पांढरं. छत्र्या ठेवा. आणि एकाच बॅगेत दोन ऋतू भरा: हनोईत पंधरा ते वीस अंश, आजींना स्वेटर लागेल, सायगॉनला उतरताच तोच स्वेटर हातात घेऊन फिराल.

रूळावरचा

ढगातला घाटही वाईट नसतो हो. माळशेज आपण पावसातच बघायला जातो ना?

विमानवेडा

मोठ्या विमानाची हौस असेल तर हनोई-सायगॉन थेट मार्गावर व्हिएतनाम एअरलाइन्स काही फेऱ्यांना ए३५० आणि ७८७ लावते. दोन तासांच्या देशांतर्गत प्रवासाला दोन बोळांचं विमान! तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिसतो. हुए आणि दा नांग करणार असाल तर ही मजा हुकेल. स्वस्त कंपन्यांत हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा असते आणि दारात काटा लावतात, तेवढं सांभाळा.

नकाशेवाली

बुलेट ट्रेनचं काय झालं त्यांच्या?

रूळावरचा

३० नोव्हेंबर २०२४ ला त्यांच्या संसदेनं मंजुरी दिली. १५४१ किमी, ताशी ३५० किमीची आखणी, खर्च सुमारे ६७ अब्ज डॉलर, २०३५ पर्यंत पूर्ण करण्याचं लक्ष्य. झाली तर हनोई-सायगॉन साडेपाच तासांच्या आसपास येईल. सायगावकरांच्या हॉटेल ते हॉटेल सहा तासांशी ताडून बघा. स्टेशन शहराच्या किती आत येतं त्यावर सगळं आहे. जुन्या रुळांपेक्षा अंतर १८५ किमी कमी, पण देशाचं पोट काही आत जाणार नाही, वळसा राहणारच.

घाटवाट

तोपर्यंत मुंबई-अहमदाबाद झाली तर बरं. (हलके घ्या.)

प्रवासी_पक्षी

तेत, म्हणजे त्यांच्या नववर्षाला जाणाऱ्या वाचकांसाठी इथेच लिहून ठेवते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. आधीच्या आठवड्यात सायगॉनहून उत्तरेकडे जाणारी विमानं खचाखच आणि महाग, कारण कामाला आलेले सगळे घरी निघतात. उलट दिशेनं त्याच दिवसांत जागा सहज मिळते. सण संपला की चित्र उलटं होतं. आपली तारीख सरकवता येत नसेल तर फिरण्याची दिशा तरी उलटी करून बघा.

भिंगरी_पायाला

सर्वांचे मनापासून आभार. असं ठरलं: तीन रात्री हनोई, विमानानं हुए, एक रात्र तिथे, रेल्वेनं दा नांग, दोन रात्री तिथे, मग विमानानं सायगॉन आणि दोन रात्री मुक्काम. मुंबईच्या विमानाच्या दिवशी दुसरा कुठलाही प्रवास नाही. अहोंना तीन तासांची रेल्वे मंजूर आहे. सध्या एसई गाड्यांचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलंय.

ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेशाचं आणि बाहेर पडण्याचं ठिकाण विचारतात. तिथे नोई बाय आणि तान सोन न्हात असं वेगवेगळं टाकलं तर चालतं ना?

सायगावकर

चालतं. तसंच टाका. नाव आणि पासपोर्ट क्रमांक दोनदा तपासा, पासपोर्टावर छापलंय तसंच अक्षर न् अक्षर. आणि दा नांगहून सायगॉनला सकाळचं विमान घ्या, संध्याकाळची रांग टळेल.

नकाशेवाली

यात दोन दिवस फू क्वोक बेटाचे बसतील का हो? सायगॉनहून विमानानं तासभरच दिसतंय.

घाटवाट

तिकिटावर तासभर. वरचे प्रतिसाद पुन्हा वाचा आणि फू क्वोकचा नवा धागा काढा. :)